कॅनडाच्या फुटबॉलचा मुलूख

खेळांचा इतिहास हा इतिहासच नव्हे, अशी आपल्याकडील अभ्यासकांची फार दिवसांची समजूत आहे. राजे, लढाया, तह आणि सनदा यांवर हजारों पानें खर्ची पडतात. पण एखादें राष्ट्र आपला फुरसतीचा वेळ कसा घालवितें, आणि तो घालवितांना कोणत्या गोष्टीसाठीं हट्ट धरून बसतें, याकडे कोणाचें लक्ष क्वचितच जातें. आमच्या मतें ही मोठी उणीव आहे. कॅनडाचेंच उदाहरण घ्या. त्या देशास स्वातंत्र्यासाठीं युद्ध करावें लागलें नाहीं. त्याच्या बहुतेक प्रांतांची भाषा शेजाऱ्याचीच. त्याचीं मासिकें, चित्रपट व गाणीं बव्हंशीं शेजाऱ्याकडूनच आलेलीं. असें असतां, आपण अमेरिकन नव्हे हें सांगण्याचा प्रसंग आला म्हणजे तेथील मनुष्य ज्या थोड्या वस्तूंकडे बोट दाखवितो, त्यांत फुटबॉलचा एक खेळ आहे. आणि तो खेळ तर शेजाऱ्याच्या खेळाशीं इतका मिळताजुळता, कीं परक्या माणसास दोहोंतला भेद पहिल्या अर्ध्या तासांत कळूंहि नये!

या खेळाची जी 'कॅनेडियन फुटबॉल लीग' म्हणून संस्था आहे, तिचे नऊ संघ आहेत. या संख्येत भर घालावी कीं नाहीं, नव्या शहरांत, नव्या प्रांतांत, किंबहुना सरहद्दीपलीकडे परराष्ट्रांत जावें कीं नाहीं, हा वाद तेथें चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. वरवर पाहतां हा व्यापाऱ्यांचा प्रश्न. परंतु एखादी गोष्ट लोकांची केव्हां होते, आणि पैसे मोजून ती लोकांची करतां येते काय, असा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत दडलेला असल्यामुळें आम्हीं तो येथें विचारासाठीं घेतला आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. फुटबॉल म्हटल्याबरोबर आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढें गोल चेंडू उभा राहतो. तो खेळ निराळा. हा रग्बीच्या वंशांतला, लांबट चेंडूचा खेळ. चेंडू हातांत घेऊन पळावें, पुढच्या गड्याकडे फेंकावा, किंवा लाथ मारून उडवावा. आणि आट्यापाट्यांत जशी एकामागून एक पाटी जिंकीत जावें लागतें, तशी प्रतिपक्षाची जमीन दहा दहा यार्डांनीं जिंकीत जावी. अमेरिकेंत हीं दहा यार्डें ओलांडण्यास चार प्रयत्न मिळतात, कॅनडांत तीनच. अमेरिकन मैदान शंभर यार्ड लांब व सुमारें त्रेपन्न यार्ड रुंद. कॅनडाचें एकशेंदहा यार्ड लांब व पासष्ट यार्ड रुंद. तिकडे अकरा गडी, इकडे बारा. भेद एवढेच, पण त्यांचा परिणाम मोठा. एक प्रयत्न कमी असल्यामुळें जमीन रेटून रेटून जिंकण्यास अवकाश उरत नाहीं. चेंडू फेंकावा लागतो, लाथाडावा लागतो, आणि रुंद मैदानावर चपळ माणसाला धांवायला मोकळीक सांपडते. 'आमचा खेळ अधिक उघडा आहे' असें कॅनडाचे लोक म्हणतात तें खोटें नाहीं.

मौज अशी कीं, अमेरिकेला हा लांबट चेंडू दाखविला तो कॅनडानेंच. १८७४ च्या मे महिन्यांत माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठाचे विद्यार्थी हार्वर्ड येथें गेले, आणि दोन दिवस दोन सामने झाले. एक यजमानांच्या नियमांनीं, दुसरा पाहुण्यांच्या. हार्वर्डच्या मुलांना पाहुण्यांचा रग्बीवजा खेळच अधिक आवडला, आणि पुढें त्यांतूनच अमेरिकन फुटबॉल उत्क्रांत झाला. कॅनडानें आपल्या नियमांस १९०३ च्या सुमारास आकार दिला. टोरोंटो विद्यापीठाच्या संघाचा नायक बर्नसाइड याच्या नांवानें ओळखले जाणारे नियम त्या वर्षीं ऑन्टॅरिओच्या मंडळानें स्वीकारले. बारा गडी, तीन प्रयत्न, दहा यार्ड हा सांचा तेव्हांपासूनचा. म्हणजे दोन्ही खेळ एका आईच्या पोटचे, पण लवकरच वेगळे राहिलेले भाऊ होत. आणि वेगळ्या राहिलेल्या भावांत बांधावरून जितकें भांडण असतें तितकें परक्यांत असत नाहीं, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको.

या खेळाचें सर्वांत मोठें पारितोषिक म्हणजे ग्रे चषक. कॅनडाचे गव्हर्नर-जनरल अर्ल ग्रे यांच्या मनांतून तो आइस हॉकीसाठीं द्यावयाचा होता. पण तेथें दुसऱ्या एका धनिकानें आधींच चषक देऊन टाकल्यामुळें त्यांनीं तो फुटबॉलकडे वळविला. पहिला सामना ४ डिसेंबर १९०९ रोजीं झाला, टोरोंटो विद्यापीठानें पार्कडेल संघास २६ विरुद्ध ६ असें हरविलें. पण चषक तयारच नव्हता! तो विजेत्यांच्या हातीं पडला पुढच्या मार्च महिन्यांत.

या चषकानें देशाचे दोन भाग कसे जोडले, हा आमच्या विषयाचा खरा आरंभ. प्रथम तो केवळ पूर्वेचा होता. ऑन्टॅरिओ व क्वेबेक या जुन्या, सधन प्रांतांतील संघ आपसांत खेळत. पश्चिमेचीं गवताळ मैदानें, म्हणजे मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा हे प्रांत, हीं अजून नवी वसाहत होती. १९२१ सालीं एडमंटनचा संघ प्रथमच पश्चिमेकडून आव्हान घेऊन टोरोंटोस आला आणि २३ विरुद्ध शून्य असा मार खाऊन परतला. त्यानंतर जवळजवळ दरवर्षीं पश्चिमेचा कोणी ना कोणी येई, आणि हरून जाई. टोरोंटोच्या वर्तमानपत्रांस त्याची करमणूक वाटे. १९३५ सालीं मात्र विनिपेगनें अमेरिकेंतून, विशेषतः लगतच्या उत्तरेकडील संस्थानांतून, चांगले खेळाडू आणविले. त्यांत फ्रिट्झ हॅन्सन नांवाचा एक वाऱ्यासारखा पळणारा गडी होता. त्यांनीं हॅमिल्टनला १८ विरुद्ध १२ असें हरविलें, व चषक प्रथमच पश्चिमेस गेला. पूर्वेच्या लोकांनीं तत्काळ काय केलें, तर परदेशी गड्यांवर निवासाचे निर्बंध घातले. आणि पुढच्याच वर्षीं रेजायनाच्या संघास त्या निर्बंधांच्या वादापायीं अंतिम सामना खेळतांच आला नाहीं. हा अन्याय होता असें आम्हांस वाटतें; पण अन्यायानेंहि माणसें एकत्र येतात. १९४८ सालीं कॅल्गरीचा संघ एकहि सामना न हरतां टोरोंटोस अंतिम सामन्यास आला, तेव्हां त्याच्याबरोबर आगगाडी भरून माणसें आलीं. रुंद काठाच्या टोप्या, घोडे, सगळा लवाजमा. नगरभवनाच्या पायऱ्यांवर त्यांनीं धिरडीं भाजून वांटलीं, आणि रॉयल यॉर्क या भारदस्त हॉटेलाच्या दिवाणखान्यांत घोडा नेला. कॅल्गरीनें ऑटवाला १२ विरुद्ध ७ असें हरविलें, हें आतां फारसें कोणास आठवत नसेल. घोडा सर्वांस आठवतो. त्या आठवड्यापासून ग्रे चषकाचा सामना हा सामना न राहतां जत्रा झाला, आणि पूर्व व पश्चिम वर्षांतून एकदां एकमेकांकडे वऱ्हाड घेऊन जाऊं लागल्या.

१९५४ सालीं व्हँकूव्हरचा संघ आला, आणि १९५८ च्या जानेवारींत पूर्वेचे चार व पश्चिमेचे पांच अशा नऊ संघांची आजची लीग रीतसर स्थापन झाली. व्हँकूव्हर, कॅल्गरी, एडमंटन, रेजायना, विनिपेग. हॅमिल्टन, टोरोंटो, ऑटवा, माँट्रियल. वाचकांनीं हीं नांवें एकवार पुन्हां वाचावीं. कारण आज जे नऊ संघ आहेत, ते याच नऊ शहरांत आहेत. मध्यंतरीं साडेसहा दशकें उलटलीं, कित्येक मालक आले व बुडाले, परदेशांत सात शहरीं निशाण लागलें व उतरलें, माँट्रियल व ऑटवा हीं दोन शहरें लीगमधून नाहींशीं होऊन परत आलीं. आणि या सगळ्या खटाटोपाची बेरीज शून्य! ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

या नवांत रेजायनाचा संघ आमच्या विशेष आवडीचा आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. सस्कॅचेवान हा गव्हाचा प्रांत; २०२१ च्या खानेसुमारींत त्याची सगळी वस्ती अकरा लाख बत्तीस हजार, आणि रेजायना शहराची सव्वादोन लाख. एवढ्याशा मुलखांत एक व्यावसायिक संघ जगावा हें कोणत्याहि हिशेबांत बसत नाहीं. पण हा संघ कोणा एका धनिकाच्या मालकीचा नाहीं, लोकांचा आहे. पैसे संपले कीं वर्गणी, जेवणावळी, लॉटऱ्या; १९८७ सालीं तर दूरदर्शनवरून पदर पसरून तो वांचविला. शेंकडों मैलांवरचे शेतकरी हिरवे कपडे घालून, कोरलेलें कलिंगड डोक्यावर शिरस्त्राणासारखें चढवून सामन्यास येतात. या संघाचें नांव 'रफरायडर्स'. ऑटवाच्या संघाचेंहि नांव तेंच, फक्त दोन शब्दांत तोडून लिहिलेलें. आणि नऊ संघांच्या लीगमध्यें एका नांवाचे दोन संघ कित्येक दशकें एकमेकांशीं लढत राहिले, तरी कोणासहि त्यांत विपरीत वाटलें नाहीं. व्यापाराच्या दृष्टीनें हा शुद्ध वेडेपणा. पण अशा वेडेपणांतच त्या खेळाचें मूळ रुजलेलें होतें.

आतां परराष्ट्रांत जाण्याच्या प्रयोगाकडे वळूं. तत्पूर्वीं एक लहानसें प्रकरण सांगितलें पाहिजे, कारण त्यांत दैवानें फार सुंदर थट्टा केली आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत एक नवी फुटबॉल लीग निघाली व तिनें टोरोंटोंत संघ काढण्याचें ठरविलें. कॅनडाचें सरकार चवताळलें. आरोग्यमंत्री मार्क लालोंद यांनीं, परदेशी लीगनें कॅनडांत फुटबॉल खेळूं नये, असें एक बिलच पार्लमेंटांत आणलें. बिल कायदा होण्यापूर्वींच सरकार पडलें. पण मालक घाबरून आपला संघ उचलून घेऊन गेला. कोठें? टेनेसी संस्थानांतील मेंफिस येथें. वीस वर्षांनंतर कॅनडाची लीगच मेंफिसचे दरवाजे ठोठावीत गेली, तेव्हां हें बिल कोणास आठवलें होतें कीं नाहीं कोण जाणे.

ती कां गेली? दारिद्र्यामुळें. १९८० नंतरच्या दशकांत लीगची स्थिति खालावत गेली. दूरदर्शनच्या प्रक्षेपणाचा मोठा करार १९८६ नंतर संपला. १९८७ सालीं हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर माँट्रियलचा संघ बंद पडला. १९९१ सालीं टोरोंटोचा संघ ब्रूस मॅक्नॉल, हॉकीपटु वेन ग्रेट्स्की व विनोदी नट जॉन कँडी या तिघांनीं विकत घेतला, आणि रघिब इस्माइल नांवाच्या तरुण अमेरिकन खेळाडूस चार वर्षांसाठीं एक कोटि ब्याऐंशी लाख डॉलर कबूल केले. त्या वर्षीं चषक टोरोंटोस मिळाला खरा; पण दिवाळीच्या फटाक्यांनीं वर्षाचा स्वयंपाक होत नाहीं. इस्माइल दोन हंगामांनंतर गेला, आणि मॅक्नॉल पुढें बँकांस फसविल्याबद्दल तुरुंगांत गेला.

अशा वेळीं १९९२ सालीं लॅरी स्मिथ हे लीगचे कमिशनर झाले. ते स्वतः माँट्रियलकडून खेळलेले, म्हणजे खेळ न जाणणारे वाणी नव्हते. त्यांचा हिशेब असा: अमेरिकेंत मोठ्या लीगचा संघ नसलेलीं कितीतरी शहरें आहेत; तेथील धनिकांकडून प्रवेशाची भक्कम फी घ्यावी; शेजाऱ्याच्या प्रचंड दूरदर्शन-बाजारांत शिरावें; आणि तेथें मिळालेल्या पैशावर घरचे आजारी संघ पोसावेत. फी तीस लाख डॉलरांच्या घरांत होती. लंकेंत सोन्याच्या विटा असतात हें खरें. पण त्या लंकेंतल्या लोकांच्या असतात, हें या हिशेबांत विसरलें गेलें.

१९९३ सालीं सॅक्रामेंटो हा पहिला अमेरिकन संघ आला. १९९४ सालीं बाल्टिमोर, लास व्हेगस व श्रीव्हपोर्ट हे आले. १९९५ सालीं बर्मिंगहॅम व मेंफिस आले, आणि सॅक्रामेंटोचा संघ सॅन अँटोनिओस गेला. लास व्हेगसची कथा केवळ प्रहसनाची. जुगाराच्या त्या वाळवंटी शहरीं उन्हाळ्यांत संघ काढला. सराव एका कॅसिनोच्या मोटारी लावण्याच्या जागेवर हिरवळ पसरून चाले. एका सामन्याआरंभीं गवयानें कॅनडाचें राष्ट्रगीत भलत्याच, नाताळच्या एका जर्मन गाण्याच्या, चालीवर म्हटलें, आणि सारा कॅनडा कांहीं हंसला, कांहीं खवळला. प्रेक्षक इतके घटत गेले कीं हंगामाचा अखेरचा 'घरचा' सामना एडमंटनला नेऊन खेळावा लागला. संघ एका वर्षांत मेला. श्रीव्हपोर्टचा मालक तर ऑटवाच्या संघाची मालकी सोडून इकडे आलेला डेट्रॉइटचा व्यावसायिक. घर सोडून तंबू ठोकणाऱ्याचें जें होतें तें त्याचें झालें.

बर्मिंगहॅमचें अपयश अधिक बोधप्रद आहे. अलाबामा संस्थानांत फुटबॉल हा धर्म आहे. पण त्याचे देव विद्यापीठांचे. उन्हाळ्यांत नव्या संघास तीस हजारांच्या आसपास लोक आले. सप्टेंबर उजाडला, अलाबामा व ऑबर्न विद्यापीठांचे सामने सुरू झाले, आणि गर्दी दहा हजारांच्या खालीं घसरली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हे. खेळावर अतोनात प्रेम असलेल्या मुलखांत त्या खेळाचा दुसरा प्रकार सहज खपेल, हा तर्क दिसायला सरळ होता; पण ज्या गांवीं विठोबाचें देऊळ आहे त्या गांवीं दुसरें विठोबाचें देऊळ बांधून उत्पन्न होत नाहीं.

मेंफिसचें मैदान अमेरिकन मापाचें असल्यामुळें तेथें कॅनडाचें एकशेंदहा यार्डांचें मैदान मावेना. शेवटीं टोकाच्या पट्ट्या आंखूड केल्या, त्यांचे कोपरे छाटले, आणि खेळ सुरू केला. शिवाय एक घरगुती पेंच होता. कॅनडाच्या संघांस ठराविक संख्येनें कॅनेडियन गडी ठेवणें सक्तीचें; अमेरिकेंत तेथील मजुरीविषयक कायद्यांमुळें अशी सक्ति करतां येत नसे, म्हणून तेथील संघ सबंध अमेरिकन. एका लीगमध्यें दोन न्याय! लहान मुलांच्या खेळांतहि हें चालत नाहीं.

या सर्वांत बाल्टिमोर मात्र अपवाद होतें, आणि त्याची कथा करुण आहे. त्या शहराचा जुना, लाडका 'कोल्ट्स' हा संघ त्याच्या मालकानें १९८४ च्या मार्चमध्यें एका रात्रींत सामान मोटारींत भरून इंडियानापोलिसला नेला होता. दहा वर्षें शहर सुतकांत. कॅनडाची लीग आली तेव्हां नव्या संघानें तेंच नांव घेतलें. मोठ्या अमेरिकन लीगनें कोर्टांत जाऊन तें बंद पाडलें. मग संघ पहिलें वर्ष निनांवीच खेळला. निवेदक 'तुमचे बाल्टिमोर' म्हणून थांबे, आणि हजारों कंठांतून निषिद्ध नांवाची आरोळी उठे. प्रेक्षकांची सरासरी पस्तीस हजारांवर, सबंध लीगमध्यें पहिली. १९९४ चा अंतिम सामना व्हँकूव्हर येथें झाला. अवघा अमेरिकन संघ एकीकडे, व्हँकूव्हरचा दुसरीकडे. शेवटच्या क्षणीं लुई पासालिया या व्हँकूव्हरच्याच मुलानें अडतीस यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला व २६ विरुद्ध २३ असा विजय मिळविला. त्या एका लाथेनें खेळाविषयीं उदासीन झालेल्या किती कॅनेडियनांस तो पुन्हां आपला वाटला असेल याची मोजदाद नाहीं. पुढच्या वर्षीं रेजायना येथें, सुसाट वाऱ्यांत, बाल्टिमोरनें कॅल्गरीस ३७ विरुद्ध २० असें हरवून चषक सरहद्दीपलीकडे नेला. पण त्यापूर्वीं दोनच आठवडे, ६ नोव्हेंबर १९९५ रोजीं, क्लीव्हलंडचा बडा संघ बाल्टिमोरला येणार असें जाहीर झालें होतें. लोकांनीं नव्या संघावर प्रेम केलें तें जुन्याच्या आठवणीनें. खरा बडा संघ येतांच दत्तकाची गरज उरली नाहीं. १९९६ सालीं सर्व अमेरिकन संघ संपले. त्याच सालअखेर, १८७६ पासूनचा ऑटवाचा संघहि बुडाला. आणि १९९७ सालीं लीगला तीस लाख डॉलरांचें कर्ज दिलें तें अमेरिकेच्या मोठ्या लीगनें! ज्याच्या घरांत वाटा मागायला गेलों त्याच्याच ओसरीवर हात पसरावा लागला.

तरीहि निष्पक्षपातानें एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकन धनिकांच्या फियांनीं कांहीं कॅनेडियन संघांचे पगार त्या वर्षांत भागले, आणि बाल्टिमोरचा जिंकलेला संघ उचलून माँट्रियलला नेल्यामुळें तेथें फुटबॉल पुन्हां उभा राहिला. म्हणून कित्येक लेखक हा प्रयोग लीगला जगविणारा ठरला असें म्हणतात. आम्हांस हें अर्धेंच पटतें. बियाणें दळून खाल्लें म्हणजे त्या रात्रीचें पोट भरतें यांत शंका नाहीं.

माँट्रियलच्या पुनर्जन्मांत मात्र योजनेपेक्षां योगायोगाचा हात मोठा आहे, आणि वाढीचा विचार करणाऱ्या प्रत्येकानें तो अभ्यासावा. संघ परत आला तो ऑलिंपिकच्या अवाढव्य क्रीडांगणांत, आणि तेथें थोडे प्रेक्षक समुद्रांत पडलेल्या मिठासारखे नाहींसे होत. १९९७ च्या नोव्हेंबरांत एका बाद फेरीच्या सामन्याच्या दिवशीं तें क्रीडांगण आयर्लंडच्या एका प्रसिद्ध गायकवृंदास दिलेलें होतें. निरुपायानें सामना मॅक्गिल विद्यापीठाच्या डोंगरउतारावरील जुन्या, लहान मैदानांत हलविला. तें मैदान भरून गेलें! लोकांस खांद्यास खांदा लागला, ओरड कानीं पडली, खेळ जवळून दिसला. पुढच्या वर्षापासून संघ तेथेंच राहिला आणि कित्येक वर्षें तिकिटें मिळेनाशीं झालीं. ज्या विद्यापीठाच्या मुलांनीं १८७४ त लांबट चेंडू हार्वर्डला नेला, त्याच्याच अंगणांत या खेळाचा संसार पुन्हां मांडला गेला.

आतां अटलांटिक किनाऱ्याचा प्रश्न. नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्स्विक व प्रिन्स एडवर्ड बेट या तीन प्रांतांत मिळून २०२१ सालीं सुमारें एकोणीस लाख वस्ती होती, म्हणजे सस्कॅचेवानच्या दीडपटीहून अधिक. तरी तेथें लीगचा एकहि संघ नाहीं. समुद्रापासून समुद्रापर्यंत अशी ज्या देशाची बिरुदावली, त्याच्या राष्ट्रीय लीगची पूर्व सीमा माँट्रियललाच संपते. १९८२ सालीं हॅलिफॅक्सला सशर्त परवाना मिळाला. १९८४ पासून खेळावयाचें, तोंवर समोरच्या डार्टमथ येथें क्रीडांगण बांधावयाचें. स्पर्धा लावून नांवहि ठरलें, 'अटलांटिक स्कूनर्स'. शिडाची स्कूनर ही त्या किनाऱ्याची शान. 'ब्लूनोज' ही तिकडची प्रसिद्ध नौका १९३७ पासून कॅनडाच्या दहा सेंटांच्या नाण्यावर आहे. पण क्रीडांगणास पैसा उभा राहिला नाहीं, आणि १९८३ सालीं परवाना विरला. बाजारांत तुरी, तोंच बारसें! २०१८ सालीं तोच खेळ पुन्हां मांडला गेला: नवे भांडवलदार, पुन्हां डार्टमथची जागा, पुन्हां नांवाची स्पर्धा, आणि नांव पुन्हां तेंच. हजारों लोकांनीं हंगामाच्या तिकिटांसाठीं अनामत भरली. २०१९ च्या डिसेंबरांत हॅलिफॅक्सच्या नगरसभेनें कांहीं अटींवर दोन कोटि डॉलरांपर्यंत मदत देण्याचें ठरविलें. पुढच्या मार्चमध्यें जगभर महामारी पसरली. लीगचा सबंध हंगाम रद्द झाला, १९१९ नंतर प्रथमच ग्रे चषक कोणासहि दिला गेला नाहीं, आणि स्कूनर दुसऱ्यांदां बंदरांतच राहिली.

विरोधकांचीं कारणें पोकळ नाहींत. न्यू ब्रन्स्विकमधील माँक्टन येथें लीगनें २०१० पासून अधूनमधून एकेक सामना नेऊन पाहिला. पहिल्या वर्षीं वीस हजारांवर लोक आले. २०१९ सालीं दहा हजारांच्या आसपासच. हॅलिफॅक्सहून व्हँकूव्हर साडेचार हजार किलोमीटरांच्या सुमारास दूर. प्रवासाचा खर्च कोण सोसणार? आणि वर्षांतून नऊदहा दिवस भरणाऱ्या क्रीडांगणासाठीं करदात्यानें कोट्यवधि डॉलर कां द्यावेत, हा हॅलिफॅक्सच्या नागरिकांचा प्रश्न अगदीं रास्त आहे. आम्ही त्या नगरसभेंत असतों तर आम्हींहि तो विचारला असता.

परंतु हे आक्षेप संघाच्या विरुद्ध नसून मोठ्या क्रीडांगणाच्या विरुद्ध आहेत, असें आमचें मत आहे. २०१९ पासून हॅलिफॅक्स येथें गोल चेंडूच्या फुटबॉलचा एक व्यावसायिक संघ शहराच्या मध्यभागीं, तात्पुरत्या बांकांच्या लहान मैदानांत खेळूं लागला, आणि लोकांनीं त्यास डोक्यावर घेतलें. २०२३ च्या जुलैंत सेंट मेरीज विद्यापीठाच्या मैदानावर टोरोंटो व सस्कॅचेवान यांचा सामना झाला, तेव्हां अकरा हजारांहून अधिक लोक दाटीवाटीनें बसले. कलिंगडें घातलेलीं डोकीं हजारों मैलांवरून तेथेंहि आलीं होतीं. माँट्रियलचा धडा हाच, कीं जागा आधीं अपुरी पडूं द्यावी, मग वाढवावी. तेंच क्वेबेक शहराविषयीं. तेथें लावाल विद्यापीठानें १९९० नंतरच्या दशकांत शून्यापासून संघ उभारला, आणि १९९९ पासून राष्ट्रीय विद्यापीठ-चषक वारंवार जिंकीत, फ्रेंच भाषेच्या त्या शहरांत हजारोंनीं प्रेक्षक घडविले. ती जमीन नांगरलेली आहे. फ्लॉरिडांतील किंवा मेक्सिकोंतील बाजाराचे नकाशे पाहण्यापेक्षां, घरच्या घरीं नांगरलेल्या या दोन शेतांत लीगनें कांहीं वर्षें धीरानें पेरणी करावी. आणि मालक तेथलाच असावा, उंटावरून शेळ्या हांकणारा नसावा. ऑटवाचें उदाहरण ताजें आहे. २००२ सालीं तेथें काढलेला संघ चार हंगामांत बंद पडला. २०१४ सालीं स्थानिक व्यापाऱ्यांनीं जुनें मैदान नवें करून तिसरा संघ काढला, आणि त्यानें २०१६ सालीं चषक जिंकला.

लीगच्या चालकांचें लक्ष सध्यां निराळीकडे दिसतें. २०२५ सालीं कमिशनर झालेले स्टुअर्ट जॉन्स्टन यांनीं त्या सप्टेंबरांत जाहीर केलें, कीं २०२७ पासून मैदान एकशेंदहाऐवजीं शंभर यार्डांचें होईल, टोकाच्या पट्ट्या वीसऐवजीं पंधरा यार्डांच्या राहतील, आणि गोलाचे खांब मागें सरकतील. बारा गडी, तीन प्रयत्न व पासष्ट यार्डांची रुंदी तशींच ठेवली आहेत. मोठा वाद माजला. कित्येक खेळाडूंनीं उघड नापसंति दाखविली. रेजायनाच्या संघानें त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत विनिपेग येथें माँट्रियलला २५ विरुद्ध १७ असें हरवून ग्रे चषक घरीं नेला, तो जुन्याच मापाच्या मैदानावर. १९९५ सालीं मेंफिसच्या मैदानांत जे दहा यार्ड मावले नव्हते, ते आतां कॅनडानें आपल्या हातांनींच छाटावयाचें ठरविलें आहे. आणि दहाव्या संघाविषयीं त्या घोषणेंत ठरलेलें असें कांहींच नव्हतें.